पेरलेल्या चुका

पहिल्यांदा सापडली ती कात्री. बैठकीच्या खोलीतल्या बुटक्या टेबलावर, पाती सताड उघडी, आणि टेबल बरोबर टिकलीच्या छातीएवढं. टिकली म्हणजे या घरातली पाच वर्षांची पोर. आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. घरात ती टिकलीच, कारण जिथे चिकटेल तिथून निघायची नाही. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि पोर दिवसभर आजोबांजवळ असायची, त्यामुळे ती कात्री बघून तिच्या आईने, म्हणजे आपल्या सूनबाईने, हातातली पर्स तशीच खाली टाकली. तिने कात्री उचलून खणात टाकली आणि स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या. सकाळी कामावर जायच्या गडबडीत आपणच ठेवली असणार, दुसरं कोण.

दुसऱ्यांदा अंगणातला टब. रबरी, फुगवायचा, टिकलीने उन्हात डुंबायचा. डुंबून झालं की पाणी ओतायचं आणि टब भिंतीला उलटा लावायचा, हा घरातला कायदा. आणि तो केला कोणी, तर सासऱ्यांनी. "मूल बुडायला विहीर लागत नाही, वीतभर पाणी पुरतं," असं सुट्टीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. आणि एका दुपारी सूनबाई कामावरून येऊन बघते तर टब काठोकाठ भरलेला, पोर कोरड्या कपड्यांत तिथेच बाजूला माती उकरतेय, आणि सासरे सावलीत खुर्ची टाकून बसलेले. तिने येता येताच टब लाथेने उलटा केला. सासरे काही बोलले नाहीत. तीही बोलली नाही.

इथेच सगळं घोडं पेंड खात होतं, बघा. या घरात सगळं होतं, फक्त सरळ तोंडाने विचारायची पद्धत नव्हती. सूनबाई चष्म्याच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवली की कानामागे कुठे टोचतंय ते त्याने सांगायच्या आत तिला कळायचं, आणि त्याचा तिला थोडा गर्वही होता. विचारायचं कशाला, दिसतंच की. सासरे तर त्याहून वरचढ. सगळा जन्म एका रंगाच्या कारखान्यात सुरक्षा बघणारे साहेब म्हणून काढलेला. कामगार त्यांना मागून 'घार' म्हणायचे, कारण साहेब कुठे उभे आहेत ते कधी दिसायचं नाही आणि त्यांना मात्र सगळं दिसायचं. आता दोन न विचारणारी माणसं एका छताखाली राहायला लागली की संशयाला भाडं न देता खोली मिळते.

तिसऱ्यांदा औषधांचा डबा खालच्या फळीवर. चौथ्यांदा इस्त्रीची वायर टेबलावरून लोंबती. आता मात्र मनात पाल चुकचुकली. पहिला संशय आला धुणीभांडी करणाऱ्या मावशींवर. सूनबाईने आडून आडून विचारलं, तर मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बाई, मी या घरात आले तेव्हा तुम्ही या घरात नव्हता. इस्त्रीला मी हात लावत नाही, मला तिची भीती वाटते. दुसरं कोणी शोधा." आणि पुढचे दोन दिवस भांडी अशी आपटली की शेजाऱ्यांनाही कळावं.

मग उरलं कोण? नवरा घरात असायलाच नको का. तो एसी दुरुस्तीवाला. उन्हाळा म्हणजे त्याचा सुगीचा हंगाम. सकाळी फोन वाजला की जो जायचा तो अंधार पडल्यावर घामाने चिंब होऊन यायचा, आणि सगळ्या गावाला गार करून स्वतः पंख्याखाली आडवा व्हायचा. उरले सासरे.

हे नाव मनात आलं तेव्हा सूनबाईला वाईट वाटलं. उगाच नाही, खरंच वाटलं. लग्न होऊन आली तेव्हा घरात तिची बाजू घेणारा हा एकच माणूस होता. टिकलीला बुटाची नाडी बांधायला यांनीच शिकवली, एक शब्द न रागावता. पण माया वेगळी आणि पोर सोपवणं वेगळं. तिने नणंदेला फोन केला. नणंद, म्हणजे सासऱ्यांची थोरली लेक, गाडीने दिवसभराच्या अंतरावर राहायची, आणि पुढच्या आठवड्यात हे सगळे चार दिवसांसाठी तिच्याकडेच जाणार होते.

"अगं, वय झालं बाबांचं," ताई म्हणाल्या. "विसरायला लागले असणार. माझ्या सासूबाईंचंही असंच सुरू झालं होतं, आधी चष्मा, मग गॅस. तू त्यांच्या भरवशावर पोर ठेवून कामाला जातेस म्हणजे कमालच आहे. येताना त्यांना घेऊन ये आणि जाताना इथेच ठेवून जा. माझ्याकडे लहान मूल नाही, काही नाही."

"त्यांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस. चार दिवस म्हणून आणायचं. मग राहतील."

सूनबाईने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण फोन ठेवताना तिला पक्कं कळलं होतं की जायच्या दिवसापर्यंत एकाच गोष्टीचा निकाल लावायचा आहे. या म्हाताऱ्या माणसाच्या हाती आपली पोर सोपवता येते की नाही. येत नसेल तर सासरे ताईंकडे आणि टिकली पाळणाघरात.

दुसऱ्याच दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ती लवकर निघाली. फाटक वाजवलं नाही. व्हरांड्यातून आत बघितलं आणि जागच्या जागी थिजली. सासरे स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत खिडकीखाली नेत होते. स्टूल नीट भिंतीला लावलं. खिडकीच्या जाळीची कडी काढली. मग दोन पावलं मागे जाऊन ते खुर्चीत बसले आणि त्या स्टुलाकडे बघत राहिले. टिकली शेजारच्या खोलीत झोपली होती, तिचे पाय दारातून दिसत होते.

विसरणारा माणूस असं करत नाही. सूनबाईच्या मनात त्या क्षणी जे आलं ते तिने पुढे कधी कोणाला सांगितलं नाही. हा माणूस मुद्दाम करतोय. पण का? पोरीवर यांचा राग? माझ्यावर? डोकं फिरलंय? ती फाटकापर्यंत मागे गेली, फाटक जोरात वाजवलं आणि मग आत आली. सासरे तसेच बसून. तिने स्टूल उचललं, कडी लावली. सासऱ्यांनी वर्तमानपत्र उघडलं, आणि पत्राआड ते हसल्यासारखे तिला वाटले.

त्या संध्याकाळी नवरा घरी आल्या आल्या, त्याचे हात धुवून व्हायच्या आधीच तिने त्याला मागच्या अंगणात ओढलं आणि सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता हसायला लागला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, हसता काय? ते खिडकीखाली स्टूल लावतायत."

"अगं, बाबा चूक पेरतायत," नवरा म्हणाला. "कारखान्यात हेच करायचे ते. पाळी सुरू व्हायच्या आधी लोकांनी फेरी मारून सगळं तपासायचं असतं ना, तर लोक नुसते हिंडून यायचे आणि सगळं ठीक म्हणायचे. म्हणून बाबा एक चूक मुद्दाम ठेवायचे. शिडीची एक पायरी सैल, नाहीतर आग विझवायच्या वाळूच्या बादलीत कचरा. ज्याला दिसली त्याने खरी फेरी मारली. ज्याला नाही दिसली त्याची मग काही खैर नसायची."

"आणि तेवढ्यात त्या शिडीवर कोणी चढलं तर?"

"नाही ना. त्यांचा नियमच होता. ज्याने चूक पेरली त्याने तिथून हलायचं नाही. कोणी पकडेपर्यंत डोळा काढायचा नाही. बाबा तासन्‌तास उभे राहायचे, जेवायचे नाहीत. म्हणून तर घार नाव पडलं."

सूनबाईने आठवून बघितलं. कात्री होती तेव्हा ते समोरच्या कोचावर. टब भरलेला तेव्हा सावलीत खुर्चीवर. स्टुलापासून दोन पावलांवर. पोरीला खरंच काही होऊ दिलं नसतं त्यांनी. तिचा जीव भांड्यात पडला, आणि भांड्यात पडल्या पडल्या तिथे उकळायला लागला.

"म्हणजे माझ्याच घरात माझी परीक्षा?"

"तुझीच कशाला, माझीही असेल."

"तुम्ही घरात असता कधी परीक्षा द्यायला?" ती म्हणाली, आणि नवऱ्याने शहाण्यासारखं तोंड मिटलं.

आता कोणी म्हणेल, कळलं ना, मग जाऊन म्हणायचं सासऱ्यांना, की बाबा, हे बंद करा. पण नाही. तिने ठरवलं, शेरास सव्वाशेर. तुम्ही मला तपासता काय, मीही तपासते तुम्हाला. कारण एक गोष्ट अजून उरलीच होती: चुका पेरता येतात म्हणजे डोकं शाबूत आहे असं थोडंच? जुनी सवय हातात राहते, बाकीचं गळून जातं. ताई म्हणालेल्या त्यात काही तथ्य असेलही. तेव्हा बघूच या.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सगळे गाडीने बाजारात निघाले तेव्हा तिने मागच्या सीटवर टिकलीचा पट्टा लावल्यासारखा केला आणि कडी अडकवली नाही. स्वतः पोरीला खेटून बसली, हात तिच्या पोटावर. नियम तिलाही कळत होता. सासरे पुढे बसायला निघाले होते. दार उघडताना थांबले, मागे वाकले, एका बोटाने पट्टा ओढला. कट्‌ करून कडी बसवली. मग पुढे जाऊन बसले आणि आरशातून एकदा सूनबाईकडे बघितलं, फार वेळ नाही. म्हणजे यांनाही कळलं की ही पण पेरते. बोलले मात्र दोघंही हवेबद्दल. ऊन फार आहे म्हणाले सासरे. फारच, म्हणाली सून.

तिथून पुढचे दिवस म्हणजे काय सांगावं. वरून घर शांत, आत मांजर-उंदराचा खेळ. सासऱ्यांनी फाटकाची कडी काढून ठेवली, सूनबाईने लावली. सूनबाईने टिकलीची टोपी आणि पाण्याची बाटली घरातच 'विसरून' पोरीला उन्हात सोडली, आजोबा दोन्ही घेऊन मागोमाग बाहेर. पण एकदा गोम निघाली. तिने फरशी पुसायच्या औषधाची बाटली मोरीत खाली, झाकण सैल करून ठेवली आणि स्वतः दाराशी उभी राहिली. सासरे आले, हात धुतले, बाटलीवरून नजर फिरवली आणि निघून गेले. बाटली तिथेच.

दिसली नाही? की मी दाराशी उभी आहे हे बघून सोडून दिली? दिसली नसेल तर? तिने दिवसभर हेच घोळवलं. एका गिऱ्हाइकाला उजवी काच डावीकडे बसवून दिली आणि त्याची बोलणी खाल्ली. संध्याकाळी तिने सासऱ्यांची बॅग भरायला घेतली. मोठी बॅग. त्यांनी विचारलं नाही, मोठी का.

निघायच्या आदल्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली होती. भर दुपारी घरी आली. ऊन असं की फाटकाची कडी हाताला चटका देत होती. अंगणात टिकली टबाजवळ खेळत होती, टबात घोट्याएवढं पाणी, डोक्यावर टोपी. सासरे सावलीत खुर्चीवर. सगळं ठीक. सूनबाई आत जाता जाता सहज डावीकडे बघते तर अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीचं लोखंडी झाकण अर्धं सरकलेलं. खाली काळोख, आणि त्या काळोखात पाण्याचा एक कवडसा.

ती थांबली. तिच्या मनात जे आलं ते या क्रमाने आलं. आधी काळीज हललं. मग राग आला: आज यांनी हद्द केली, पट्टा ठीक, स्टूल ठीक, पण टाकी? मग नवऱ्याचे शब्द आठवले, पेरणारा डोळा काढत नाही, आणि सासरे तर समोरच बसलेत. मग, सगळ्यात शेवटी, एक बारीकसा विचार आला. बघू या तरी, किती वेळ लक्ष राहतं. आज डुलकी लागली, आज उठून गेले, तर प्रश्नच मिटला. ताईंना सांगायला तोंड मिळेल. उद्या बॅग उतरवताना मनाला टोचणार नाही.

हे तिने हातात पर्स धरून, दोन पावलांत ठरवलं आणि ती सरळ आत गेली. झाकणाला हात लावला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण दिसायचं. तिथे ती ओट्याला टेकून उभी राहिली. प्रवासाच्या बाटल्या धुवायला घेतल्या, नळ बारीक सोडला, आणि नजर सासऱ्यांवर लावली. झाकणावर नाही हं. सासऱ्यांवर.

सासरे खुर्चीत ताठ बसले होते. वर्तमानपत्र मांडीवर. तेही बघत होते. बराच वेळ तिला वाटलं, झाकणाकडे बघतायत. मग लक्षात आलं की त्यांची मान झाकणाकडे नाही, खिडकीकडे आहे. आपल्याकडे. तपासतायत, सून बाहेर येते का. बसा म्हणावं, मीही काही कमी नाही. टिकली टबातलं पाणी पेल्याने उपसून कुठेतरी ओतत होती, येत होती, जात होती. सूनबाईने एक बाटली धुतली, दुसरी धुतली.

सासरे उठले.

झाकणाजवळ गेले नाहीत. पायऱ्या चढून घरात आले. सूनबाईला, आता खोटं कशाला सांगा, आनंद झाला. अर्धा क्षण का होईना, पण झाला. सापडले. नियम मोडला. विसरलेच शेवटी. ती खिडकीकडे पाठ करून दाराकडे वळली, तोवर सासरे दारात उभे होते. या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच ते सरळ बोलले.

"सूनबाई, पकडलं बरं का. टाकीचं झाकण. पण हे जरा अतीच झालं हं. लावून घेतो मी आता, चालेल ना?"

"लावून घेतो काय, बाबा? तुम्हीच ठेवलंत ना ते?"

"मी?" सासरे म्हणाले. "मी नाही. मी अंगणात आलो तेव्हाच सरकलेलं होतं. मला वाटलं सकाळी जाताना तूच... आणि आता तू खिडकीत उभी होतीस."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग नळ तसाच वाहता सोडून ती धावली. पायऱ्यांवर चप्पल सुटली, तापलेल्या फरशीवर तळपाय भाजले तरी कळलं नाही. टबाशी कोणी नव्हतं. टोपी जमिनीवर पडलेली. टाकीच्या काठावर दोन पाय दिसले, फक्त पाय, आणि फ्रॉकचा घेर. बाकीची टिकली झाकणाच्या फटीतून आत लोंबत होती. आतून आवाज येत होता, घुमलेला, हसरा.

"कोण आहे? कोण आहे?"

आणि टाकी तिला उत्तर देत होती. आहे, आहे.

सूनबाईने हाक मारली नाही. कुठून ही बुद्धी झाली देव जाणे, पण हाक मारली असती तर पोर दचकली असती. तिने झेप घेऊन दोन्ही घोटे धरले आणि मागे ओढलं. फ्रॉक काठाला अडकून फाटला, पोटाला खरचटलं, आणि टिकली बाहेर आली ती भोकाड पसरूनच. आई अशी का ओढते तिला समजेना. "आत कोणीतरी माझ्यासारखं बोलतंय," ती रडत रडत सांगत होती. "मी त्याला पाणी घालत होते." सूनबाई तिला छातीशी धरून तिथेच मातीत बसली. तिचे दात वाजत होते, त्या उन्हात.

सासरे मागोमाग आले होते. त्यांनी दोन्ही हातांनी झाकण ओढून बसवलं. मग गुडघ्यांवरच राहिले, एक हात झाकणावर ठेवून, धापा टाकत.

"मला दिसलं होतं," ते म्हणाले. "येतानाच दिसलं होतं. बघून मी जाऊन खुर्चीत बसलो."

"मीही बघितलं, बाबा."

"जन्मभर लोकांना हेच शिकवलं, की दिसलं की आधी बंद करा, मग विचारा. आणि स्वतः काय केलं? तुला वाटेल म्हातारा विसरतो, म्हणून तू आल्यावर पकडून दाखवायला बसलो. तू मला तिकडे ठेवून येणार आहेस, माहीत आहे मला. उन्हाळ्यात चार दिवसांसाठी कोणी स्वेटर भरत नाही."

सूनबाईची मान खाली गेली. खाली बघताना तिला दिसलं की सासऱ्यांचा दुसरा हात झाकणामागे गेला. तिथे गवतात एक टॉर्च पडला होता. काळा, मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेला, नवऱ्याच्या हत्यारांच्या पिशवीतला. सासऱ्यांनी तो उचलला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला, आणि तिने बघितलं का म्हणून बघितलंही नाही. तेव्हा तिला सगळं उलगडलं. चार दिवस घर बंद राहणार म्हणून नवऱ्याने सकाळी टाकीतलं पाणी बघितलं असणार, तेवढ्यात कोणाचा तरी एसी बंद पडला असणार, फोन आला असणार, आणि तो निघून गेला असणार. बस. एवढंच. कोणी काही पेरलं नव्हतं.

नवरा त्या दिवशी उजेडातच परतला. पोरीच्या पोटावरचं खरचटलेलं बघून त्याने विचारलं, आणि टिकलीनेच त्याला सगळं सांगितलं, अगदी साभिनय, टाकीत माणूस आहे इथपर्यंत. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"झाकण उघडं कोणी टाकलं?"

सूनबाईने तोंड उघडायच्या आत सासरे बोलले. "मी. पाणी बघायला उघडलं आणि विसरलो."

सूनबाईला पुन्हा, सवयीने, संशय आला, की हीही एक पेरलेली चूक तर नाही? मी पकडते का बघतायत? तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. ते कोणाकडेच बघत नव्हते. खिशातल्या टॉर्चवर हात दाबून बसले होते. नाही, ही परीक्षा नव्हती. लेकाला आपल्या हातून काय होणार होतं हे कधीच कळू नये म्हणून बाप खोटं बोलत होता, आणि त्या खोट्यात त्याचं घरही जाणार होतं.

"बाबा," नवरा शेवटी म्हणाला, आवाज खाली आणून, "मग तुम्ही ताईकडेच राहिलेलं बरं. रागावू नका. पण आता मला भीती वाटते."

"खरं आहे," सासरे म्हणाले. "बॅग भरलेलीच आहे."

गप्प बसणं किती सोपं होतं. तिला जे हवं होतं ते आयतं ताटात वाढून आलं होतं, कोणाला दुखवायला नको, कोणाशी भांडायला नको. नवरा शांत झोपला असता. उद्या गाडी निघाली असती. सूनबाईने टिकलीला मांडीवरून खाली ठेवलं.

"झाकण बाबांनी नाही उघडलं," ती म्हणाली. "बाबा, खिशातला टॉर्च काढा."

"सूनबाई, राहू दे."

"काढा म्हणते ना."

टॉर्च टेबलावर आला. नवऱ्याने तो बघितला, हातात घेतला, परत ठेवला. सकाळपासूनचं सगळं त्याच्या चेहऱ्यावरून जाताना दोघांना दिसत होतं: टाकी, फोन, गाडीची किल्ली. तो उठून अंगणात गेला.

"कशाला सांगितलंस त्याला?" सासरे रागावले. लग्न झाल्यापासून ते तिच्यावर पहिल्यांदा रागावत होते. "त्याला आता आयुष्यभर ते दिसत राहील. मी तर जाणारच होतो ना. माझ्या डोक्यावर चाललं असतं."

"मी सांगितलं नसतं तर ते पुढच्या उन्हाळ्यातही असेच निघून गेले असते," ती म्हणाली. "आणि फक्त त्यांचीच चूक सांगून मी थांबणार नाही. आपण दोघं बघत बसलो होतो, तेही सांगणार आहे. तोंड धुऊन येऊ देत त्यांना."

पण तो तोंड धुवायला गेलाच नव्हता. खिडकीतून दिसत होतं, तो टाकीच्या झाकणावर बसला होता, सगळं वजन टाकून, डोकं दोन्ही हातांत धरून. सासऱ्यांनी ते बघितलं. मग उठले, अंगणात गेले आणि लेकाच्या शेजारी झाकणावर बसले. काय बोलले ते ऐकू आलं नाही.

ताईंचा फोन आला तेव्हा सूनबाई सासऱ्यांच्या मोठ्या बॅगेतले कपडे कपाटात लावत होती.

"निघताय ना सकाळी? बाबांची खोली तयार आहे. सांगितलंस का त्यांना?"

"चार दिवसच येतायत ते, ताई. परत घेऊन येणार आहे."

"अगं, पण ते विसरायला लागलेत ना?"

"ते काही विसरत नाहीत. चुकलं माझं."

"आणि टिकलीकडे मग कोण बघणार सुट्टीभर? बाबा? एकटे?"

"हो, एकटेच," सूनबाई म्हणाली. "दोघं असलो की कोणीच बघत नाही."

ताईंना काही कळलं नाही. सूनबाईने सकाळी किती वाजता निघणार ते सांगितलं आणि फोन ठेवला.